सही आली, वाचणे कधी येणार?

शेतकरी व कारागीर बांधवहो,

आपल्या वाडवडिलांना सावकाराने लुबाडले, हे आपण चावडीवर मोठ्या आवेशाने सांगतो. सांगावेच. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणबी उठले, आणि तो वणवा पुढे अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेला. कोठे कोठे दाणागोटाही लुटला गेला. पण गावोगाव मुख्य मागणी एकच होती, 'आमचे रोखे बाहेर काढा!' रोखे मिळाले की त्यांची होळी होई. ज्या कागदावर आपला अंगठा आहे त्यात काय लिहिले आहे हे आपल्यास कळत नाही, या जाचातून तो संताप उसळला होता. मग १८७९ साली सरकारने कायदा केला. रोखा गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहावा, सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यावा, असे त्यात होते. पण हिशेब मागणारे किती निघाले असतील, हे ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ओळखावे.

आता घराकडेच पाहू. घरोघर दहावी-बारावी झालेले पोर आहे. सही झोकात करते. वाचते का?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. जातीचा सुतार, हाताचा कसबी. रंधा मारण्याच्या यंत्रासाठी त्याने दहा हजारांचे कर्ज काढले होते. हप्ते जड जाऊ लागले तेव्हा त्याला गुरुजी आठवले. 'व्याज किती ठरले?' म्हणून विचारले. 'शेकडा बारा,' म्हणाला. मी खडू घेतला. दहा हजारांवर बाराशे व्याज, मिळून अकरा हजार दोनशे. बारा हप्ते, दरमहा ९३३ रुपये. येथपर्यंत ठीक. पण सहा हप्ते गेल्यावर मुद्दल निम्मे फिटलेले असते, तरी व्याज अख्ख्या दहा हजारांवरच चालते. म्हणजे बारा म्हणून सांगितलेला दर खरा साडेएकवीसच्या घरात जातो. त्यात तीनशे रुपये खर्चाचे म्हणून आधीच कापून हाती ९,७०० दिलेले. तो धरला म्हणजे दर सत्तावीसच्या वर!

पुढची गोष्ट ऐका. त्याच्याच पिशवीतला गठ्ठा मी उलगडला. तिसऱ्या पानावर हा खरा वार्षिक दर छापलेला होता. मराठीत. खाली माझ्या विद्यार्थ्याची वळणदार सही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना व कर्ज देणाऱ्या कंपन्यांना किरकोळ आणि लहान उद्योगांच्या मुदतीच्या कर्जांत असा खुलाशाचा कागद, कर्जदारास समजेल अशा भाषेत, द्यावाच लागतो. सरकारी नियम झाला, कागद छापला गेला, हातात पडला. आणि आमच्या पठ्ठ्याने तो न वाचता खाली नाव घातले.

'अरे, वाचला का नाहीस?' तर म्हणतो, 'गुरुजी, मागं माणसं उभी होती. साहेब घाईत होते. विचारलं तर अडाणी समजले असते.'

अडाणी समजले असते! बैल घेताना आपण त्याचे तोंड उघडून दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो. तेथे विकणाऱ्याची घाई आपण मानीत नाही. सुतार लाकूड घेताना टिचकी मारतो, गाठ पाहतो. पाव किलो वांग्यांसाठी बाजारात घासाघीस करण्याची लाज वाटत नाही, आणि वर्षाच्या कष्टाचा कागद मात्र डोळे मिटून! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते असे.

आणि हे लुबाडणारे कोण? येथे आपल्या काही पुढाऱ्यांना माझे म्हणणे कडू लागेल. पूर्वी बोट दाखवायला सावकाराची पेढी होती. आज कर्जाचे कागद घेऊन दारी येणारा एजंट पुष्कळदा आपल्याच आळीतला, आपल्याच भावकीतला असतो. तो 'काका, येथे करा' म्हणतो आणि काका करतात. भावकीच्या भिडेने जामीन राहणारे तर घरटी एक सापडतील. 'नुसती सही आहे' म्हणे! १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तो पळाला की वसुली तुमच्या दारात.

खाजगी सावकाराचेही तेच. २०१४ च्या कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. परवाना दाखव म्हणून विचारा. नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकार खात्यात, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

अंगठाही अजून गेलेला नाही, बरे का. यंत्रावर अंगठा ठेवून बँकेचे पैसे काढतात, तेथे 'उठला नाही, पुन्हा ठेवा' म्हणाले की आपण तीन-तीनदा ठेवतो. आधी रक्कम पाहावी, पावती घ्यावी, मग दुसऱ्यांदा अंगठा. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. उशीर केला तर हाती काही लागणे कठीण.

'मुदत द्या, घरी नेऊन वाचतो,' एवढे वाक्य तोंडातून काढायला जीभ का अडखळते? आज रात्रीत सही न केल्यास मिळणार नाही असे कर्ज खुशाल न मिळो.

माझ्या गावच्या मंडळींसाठी सांगतो: शाळा सुटल्यावर तासभर मी शाळेच्या ओट्यावर असतो. कागद घेऊन यावे, बेरीज मी करून दाखवीन. फक्त सही करून मग आणू नये.

— एक खेड्यातील शिक्षक