रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं
नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासीबहुल पेठ तालुक्यात भात-नागलीच्या आवणीत दिवसभर वाकलेल्या बाईची कंबर दुखली, तर कुणाला नवल वाटत नाही. पण हंगाम सरून महिने लोटले, एक्स-रे निर्दोष आला आणि दुखणं तसंच राहिलं, की ‘मनाचे खेळ’ म्हणून तिची बोळवण होते. विज्ञान या निकालाच्या बाजूचं नाही. चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच हळव्या होऊ शकतात. मग साधा स्पर्शही कळ उठवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनेही तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा दिली. यावर कुणी म्हणेल, अशाने रक्तक्षयाचा थकवा किंवा सिकलसेलचं दुखणंही ‘नसांचं’ म्हणून झाकलं जाईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आदिवासी भागात या आजारांच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात. पण त्या निर्दोष आल्या म्हणून रुग्ण खोटा ठरत नाही, आपला शोध अपुरा ठरतो. झेपेल तेवढी हालचाल, पुरेशी झोप आणि योग्य औषध यांचा विचार पुढचा. आधी तिच्या सांगण्यावर विश्वास हवा.