रक्त आमचं, समिती त्यांची

'लोकसहभाग' हा सरकारी शब्द भलताच गोंडस. तो फायलीत मावतो, भाषणात मावतो. फक्त लोक त्यात मावत नाहीत.

गोंदिया जिल्हा घ्या. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव. धानाचा मुलूख, जंगलाचा मुलूख आणि सिकलसेलचाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस हाडातून किंचाळतो. हा रोग गोंडांच्या घरात आहे, बौद्धांच्या वस्तीत आहे. हा कुठल्या जातीचा शाप नाही. ज्यांच्या पूर्वजांनी मलेरियाच्या रानात पिढ्या काढल्या, त्यांच्या रक्तात हा बदल टिकला. कारण नुसत्या वाहकाला तो मलेरियापासून वाचवत होता. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद छापली. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम उगवली १ जुलै २०२३ ला. उद्दिष्ट २०४७. तोवर कळ सोसा!

रक्त तपासतात, कार्ड देतात. मग? पाणी कमी पडलं, अंग गारठलं, अतिश्रम झाले की कळ उठते, असं डॉक्टर सांगतात. बरोबरच सांगतात. पण चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईने अंग गारठू द्यायचं नाही, म्हणजे करायचं काय? मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्याने पाणी कुठून आणायचं? 'हाडं फुटून रायली जी' म्हणणाऱ्याला 'आराम करा' सांगणं सोपं. आरामाची मजुरी कोण देणार? हे प्रश्न सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. ते त्या बाईला ठाऊक आहेत. म्हणून तिला समितीत बसवायचं. उपकार म्हणून नव्हे.

आणि हा हक्क आज उकरून काढलेला नाही. १९४६ च्या भोर समितीने गावात आरोग्य समिती सुचवली होती. १९७८ ला अल्माआटात जगभरच्या सरकारांनी लिहून दिलं, की आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावसमित्या आणल्या, वर्षाला १०,००० रुपयांचा निधी ठरवला. निम्म्या बाया हव्यात, दलित-आदिवासी हवेत, असं नियमात आलं. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत लोकांनी अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. म्हणजे होऊ शकतं!

आता आपल्याकडे वळू. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरने १९७१ पासून काळ्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी चालवली. १९७२ ला तिथल्या सरकारला सिकलसेलचा कायदा करावा लागला. पुढचंही ऐका. तपासणी वस्तीच्या हातातून सुटली, काही राज्यांनी ती सक्तीची केली, आणि धडधाकट वाहकांनाही कुठे नोकरी, कुठे विमा नाकारला गेला. तपासणी तीच, मालक बदलला की तिची बेडी होते. इथेही कार्ड दाखवलं की पोरीची सोयरीक मोडते, म्हणून लोक कार्ड लपवतात. ते अडाणी नाहीत. जग ओळखून आहेत.

चळवळीने नाव आणलं, डरकाळी आणली. दवाखाना आणायचा राहिला.

दोस्तहो, नागपूर-मुंबईहून १४ एप्रिलला गावी जाता ना? ह्या खेपेला मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जा. समितीची यादी मागा. वस्तीतलं कोण आहे? सिकलग्रस्त पोराची माय आहे का? शेवटची बैठक कधी झाली? १०,००० कशावर गेले? सांगा त्यांना: बैठक संध्याकाळी वस्तीत घ्या. बुडालेली मजुरी भरून द्या. हायड्रॉक्सीयुरियाचा साठा आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहा. कार्ड गुप्त ठेवा. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात सिकलसेल आहे. त्या दाखल्याचं शिबिर गावात लावा.

सुई टोचायला आमचं बोट चालतं. मग ठराव लिहायला ते का चालत नाही?