काउंटरवरचे इंग्रजी आणि ‘राहण्या’चे दोन अर्थ

एप्रिल उजाडला की आमच्याकडे एक निराळीच शिकवणी सुरू होते. आम्ही मराठीचे अध्यापक. तरीही माजी विद्यार्थ्यांचे आईवडील आणि शेजारीपाजारी आमच्याकडे इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी येतात. मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेस जायचे असते आणि तिथल्या विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी काय विचारील, या धास्तीने झोप उडालेली असते. इंग्रजीच्या प्राध्यापकांपुढे चुकायला संकोच वाटतो, आमच्यापुढे वाटत नाही. एवढेच काय ते आमचे भांडवल!

यंदा आलेल्या बाई मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलीचे पहिले बाळंतपण. हातात दोनशे पानी वही, तीत मुलीने फोनवरून सांगितलेली चाळीसेक प्रश्नोत्तरे देवनागरीत उतरवलेली. “सर, पाठ आहे सगळं. पण प्रश्नांचा क्रम बदलला की माझी गडबड होते, आणि मुलगी चिडते. उभा जन्म वर्गापुढे बोलण्यात गेला; तिथे जाऊन मुकं उभं राहायचं नाही मला.”

ती वही वाचताना आमच्या ध्यानात आले, की बाईंची अडचण इंग्रजी शब्दांच्या तुटवड्याची नव्हती. अडचण होती ती मराठीच्या सवयींची. आपण मुलीकडे चार महिने ‘राहतो’ आणि पुण्यातही ‘राहतो’. मराठीला एक क्रियापद पुरते. इंग्रजीत मात्र ‘स्टे’ म्हणजे मुक्काम आणि ‘लिव्ह’ म्हणजे बहुधा वास्तव्य. बाईंनी लिहिले होते, ‘आय विल लिव्ह विथ माय डॉटर.’ मुक्कामाची मुदत ठरवणे हेच ज्याचे काम, त्याच्या कानांना हे वाक्य वेगळे ऐकू येऊ शकते. तीच गत ‘कामा’ची. लेकीला घरकामात हातभार लावणे हे आपल्याकडे आईपणाचेच अंग. पण त्या काउंटरवर ‘वर्क’ या शब्दाचा पहिला अर्थ नोकरी. मुलीचे बाळंतपण आहे, तिच्यासोबत असावे म्हणून आले, हे खरे आणि सरळ उत्तर बाईंपाशी होतेच. भाषांतराच्या नादात ते हरवले होते.

सर्वांत गमतीची जागा ‘हो’ची. “तुमच्याकडे खाण्याचे पदार्थ नाहीत ना?” या प्रश्नावर मराठी माणूस सहज म्हणतो, “हो, नाहीत.” आपला होकार विचारणाऱ्याच्या विधानाला असतो. इंग्रजीत तिथे ‘नो’ म्हणावे लागते. नुसते ‘येस’ म्हटले तर मेतकूट नसतानाही बॅग उघडावी लागेल. आणि मेतकूट असेल तर ते आहे असे सांगून टाकावे, हेच श्रेयस्कर. बहुतेक कोरडे जिन्नस जाऊ देतात. जवळचे खाद्यपदार्थ न सांगणे मात्र अंगाशी येते.

हे सारे समजावताना एक प्रश्न आम्हांला छळत राहिला. मुख्याध्यापिका असलेल्या बाईंना इतके परीक्षार्थी का वाटावे? सरहद्दीवर भाषेची परीक्षा घेण्याचा इतिहास खराच आहे, आणि तो फारसा निर्मळ नाही. १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने कायदा केला, की येणाऱ्याने युरोपातील एखाद्या भाषेच्या लिपीत स्वहस्ते अर्ज लिहावा. कायद्यात हिंदी माणसाचे नाव नव्हते. रोख त्याच्यावरच होता. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने हीच युक्ती उचलली आणि युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची चाचणी आणली. भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. १९३४ साली एगॉन किश हा प्रागचा लेखक तिथे पोहोचला. त्याला अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या, पण त्याचे विचार सरकारला नको होते. म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातले गेले! पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने ही चाचणी कायद्यात बसत नाही असे ठरवले; पण चाचणीची प्रथा १९५८ पर्यंत टिकली. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्यातही वाचनाची परीक्षा होती. ती ज्याला त्याला स्वतःच्या भाषेत देता येई. मात्र त्याच कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागाला दार लावून घेतले होते. तात्पर्य, परीक्षा भाषेची असे तेव्हाही निकाल भाषेवर लागत नसे.

आज अमेरिकेत पाहुणे म्हणून जाणाऱ्यास इंग्रजी यावे अशी अट नाही. अधिकारी विचारतो ते मोजकेच: कशासाठी आलात, कुठे उतरणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी. व्हिसा अनेक वर्षांचा असला तरी या खेपेचा मुक्काम किती, हे तोच ठरवतो. त्याचा अधिकार मोठा आहे आणि बाईंची भीती निराधार नाही. पण तो व्याकरण तपासायला बसलेला नसतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येते, दुभाषा मागता येतो. जी परीक्षा तिथे कोणी घेत नाही, ती आपण आपल्या घरात, आपल्याच आईवडिलांची घेत आहोत, आणि तीही चिडून!

म्हणून आमचे मत असे, की पाठांतराची वही मिटावी. पाठ केलेले उत्तर प्रश्न बदलताच परके होते, आणि खरे असूनही खोट्यासारखे ऐकू येते. पाठ करायचीच तर तीनच वाक्ये करावीत: ‘प्लीज स्पीक स्लोली’, ‘आय डिड नॉट अंडरस्टँड’ आणि ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’. बाकीचा सराव उत्तरे देण्याचा नसून प्रश्न ओळखण्याचा असावा. विचारले तेवढेच सांगणे आणि तिथे थांबणे, हे आपल्या पाल्हाळप्रिय बोलण्याला अवघड जाते. पण ते मराठीतूनही शिकता येते. किंबहुना आधी मराठीतूनच शिकावे. आम्ही बाईंना पहिले चार दिवस मराठीतच प्रश्न विचारले. “कशासाठी आलात?” यावर पहिल्या दिवशी जावयाच्या नोकरीपासून सुरुवात झाली, चौथ्या दिवशी एका वाक्यात उत्तर आले. त्याचे इंग्रजी बाईंनी स्वतःच केले.

‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत आपण अर्ज, इतिवृत्त, बातमी शिकवतो. प्रश्नाला नेमके उत्तर कसे द्यावे आणि न कळल्यास “कळले नाही” हे न लाजता कसे म्हणावे, हे कोणत्या घटकात शिकवतो? वर्गात “समजले का?” विचारल्यावर पन्नास माना डोलतात. त्या माना आपणच घडवल्या आहेत. काउंटरवरची भीती तिथून सुरू होते. तिचा उपायही तिथूनच, आपल्या वर्गातूनच सुरू व्हायला हवा.