पस्तिशीत संपलेली रेने

फ्रान्समधल्या एका खेड्यातून अमेरिकी पलटण आघाडीवर निघाली आहे. धावपळीत शेतकऱ्याची पोर मेलिसांद आपल्या जिमला शोधते, मिठी मारते. ट्रक सुटतो, तरी ती हात सोडत नाही, फरपटत जाते. जिम तिच्याकडे घड्याळ फेकतो, पायातला बूट फेकतो. तो बूट छातीशी कवटाळून ती रस्त्यात बसून राहते.

किंग विडोरच्या ‘द बिग परेड’ या १९२५च्या मूकपटातला हा प्रसंग. जिम होता जॉन गिल्बर्ट आणि मेलिसांद होती रेने अदोरे.

रेनेचा जन्म ३० सप्टेंबर १८९८ रोजी उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात झाला. घर सर्कसवाल्यांचं, त्यामुळे ती लहानपणापासून रिंगणात. पुढे रंगभूमीवर नाचत ती न्यूयॉर्कला पोचली आणि १९२०मध्ये तिचा पहिला अमेरिकी चित्रपट आला. तिच्या अभिनयात मला ते रिंगण सतत दिसतं. ती नुसत्या चेहऱ्याने बोलत नाही. खांदे, मान, पावलं, सगळं बोलतं. ‘द बिग परेड’मध्येच जिम तिला चुइंगम खायला शिकवतो. पटकथेत नसलेला हा प्रसंग विडोरने सेटवर ऐन वेळी रचला. ती चघळते, ताणते आणि शेवटी गिळून टाकते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण प्रेम जमतंय हे आपल्याला कळतं.

नंतर ‘ला बोहेम’मध्ये ती लिलियन गिशबरोबर होती, ‘मिस्टर वू’मध्ये लॉन चेनीबरोबर. पण मेलिसांदच्या तोडीची भूमिका तिला पुन्हा मिळाली नाही. स्टुडिओने तिची ताकद ओळखलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोलपट आले आणि परदेशी उच्चारांचे कलाकार मागे पडले, ही कहाणी आपण नेहमी ऐकतो. रेनेलाही त्याच रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे. ती बोलपटांत उभी राहिली होती. तिला गाठलं क्षयाने. डॉक्टर नको म्हणत असताना तिने १९३०मध्ये रामोन नोवारोबरोबरचा ‘कॉल ऑफ द फ्लेश’ पुरा केला आणि तिथून तिला थेट ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटच्या सॅनटोरियममध्ये हलवावं लागलं. आपल्याकडे पाचगणीला पाठवत, तसं तिकडे कोरड्या हवेसाठी ॲरिझोनाला पाठवत. विश्रांती आणि हवा, यापलीकडे वैद्यकशास्त्राकडे फारसं काही नव्हतं. जी लहानपणापासून अंगाच्या चपळाईवर जगली, ती दोन वर्षं अंथरुणाला खिळून राहिली.

पस्तिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. ५ ऑक्टोबर १९३३ रोजी कॅलिफोर्नियातल्या तुहुंगा इथे ती गेली. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात सापडलं ते १९४३मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी.

‘द बिग परेड’ अमेरिकेत २०२१पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाला आहे. तो जरूर शोधून पाहा.