टाळेबंदी वाद्यांची, प्रश्न हिशेबाचा

परवा एका अभ्यासवर्गात मी अमेरिकेतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या टाळेबंदीचा विषय काढला. एक तरुण कार्यकर्ता लगेच म्हणाला, "दादा, वर्षाला लाख डॉलर कमावणाऱ्या गोऱ्या व्हायोलिनवाल्यांचं आपल्याला काय? आपल्या हलगीवाल्याला सीझनला चार लग्नं मिळाली तरी पुष्कळ." प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उत्तर लिहून देतोय.

आधी प्रकरण समजून घ्या. १ ऑक्टोबर २०१२ रोजी मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने आपल्या वादकांना बाहेर काढून दाराला टाळं लावलं. हा संप नव्हता, ही टाळेबंदी होती. वादक वाजवायला तयार होते. मालकांची मुख्य अट होती, मूळ पगारात सुमारे एक तृतीयांश कपात मान्य करा. वादक म्हणाले, आधी त्रयस्थ माणसाकडून हिशेब तपासून घ्या, मग आकडा बोलू. २०१२-१३ चा संपूर्ण सीझन बुडाला. पगार थांबला, मालकाकडून मिळणारा आरोग्यविमा थांबला.

आणि याच काळात काय चाललं होतं? सभागृहाचं नूतनीकरण! खर्च सुमारे ५ कोटी डॉलर. वादकांना द्यायला पैसा नाही, पण दर्शनी भागाच्या काचेला आहे. पुढे संचालक मंडळाचं इतिवृत्त वृत्तपत्रात आलं. त्यातून दिसलं की सरकारी मदत मागायची होती त्या वर्षांत ताळेबंद समतोल दाखवायचा आणि कराराची वेळ आली की तूट दाखवायची, असा विचार आधीच झाला होता. तूट खोटी होती असं मी म्हणत नाही. तूट कधी दाखवायची हे कोण ठरवतं, एवढंच विचारतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही संस्था नफा कमावणारी नाही, तिला भागधारक नाहीत. मग मालक कोण? अमेरिकेत ऑर्केस्ट्राचा खर्च तिकिटांतून भागत नाही. बराचसा पैसा देणग्यांतून आणि कायमनिधीच्या उत्पन्नातून येतो. जे देणगी देतात आणि आणतात ते संचालक मंडळावर बसतात. मिनेसोटात त्या मंडळाच्या नेतृत्वात बड्या बँकांचे अधिकारी होते. कागदावर मालक कुणीच नाही, पण कुलपाची किल्ली मात्र ठरावीक खिशात.

मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो. १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कारखान्यात यंत्र येतं आणि माणशी उत्पादन वाढतं, पण चार जणांचं संगीत आजही चारच जण लागून, तेवढ्याच वेळात वाजतं. त्यामुळे कलेचा खर्च वाढतच राहणार. बरोबर आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष "समाजाने कलेला जास्त आधार द्यावा" असाही असतो. "वादकाचा पगार कापा" हा निष्कर्ष काढणारा माणूस अर्थशास्त्र नाही, स्वतःची सोय सांगतो.

शेवट काय झाला? वादकांनी स्वतः मैफली उभ्या केल्या, श्रोते संघटित झाले, संगीत दिग्दर्शक ऑस्मो व्हँस्का यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली. कपात झाली, पण साधारण १५ टक्क्यांची. व्हँस्का परत आले.

आता आपला संबंध. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क असल्याचं ठणकावलं आणि ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष संपात उतरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन! आपल्यातले काही जण एकच मोजतात, कम्युनिस्ट मित्र दुसराच मोजतात.

कारण वादकांची युनियनसुद्धा धुतल्या तांदळासारखी नव्हती. अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्या वादकांची शाखा वेगळी असे. शिकागोत दोन शाखा एक व्हायला १९६६ साल उजाडलं. १९६९ मध्ये आर्थर डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन काळ्या वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने कायम नेमणुकीतला भेदभाव सिद्ध मानला नाही, पण बदली वादक घेताना भेदभाव होतो हे मान्य केलं. बदलीची कामं ओळखीपाळखीने वाटली जात. गिरणीतल्या बदली कामगाराची गोष्ट ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते, का तर तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो. लाल बावट्याखाली हा विटाळ खपून जात होता. बाबासाहेबांनी तोच प्रश्न संपाच्या तोंडावर विचारला.

पुढे पडद्याआडून परीक्षा घेण्याची पद्धत आली. स्त्रियांना तिचा फायदा झाला. पण २०१४ मध्येही अमेरिकी ऑर्केस्ट्रांत काळे वादक २ टक्क्यांच्या आतच होते. पडदा चेहरा झाकतो. लहानपणी घरात वाद्य होतं का, गुरूची फी कुणी भरली, हे पडद्याला झाकता येत नाही आणि भरूनही काढता येत नाही. "मेरिट"वाल्यांना हे उदाहरण जरूर ऐकवा.

आता थोडं कडू. जयंतीच्या बैठकीत डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देणारे आपण, गायन पार्टीच्या शाहिराला मात्र "समाजाचं काम आहे, समजून घ्या" म्हणतो. ढोलकीवाल्याला रात्री दोन वाजता अर्धं पाकीट आणि उरलेल्याचा वायदा. मंडळाचा हिशेब विचारला की तोंडं वाकडी होतात. मिनेसोटातले बँकवाले आणि आपण, यात फरक फक्त रकमेचा आहे का?

म्हणून त्या तरुणाला माझं उत्तर असं: भावा, तो व्हायोलिनवाला तुझ्यापेक्षा श्रीमंत आहे, खरं. पण "आधी हिशेब दाखवा" हे वाक्य त्याने सोळा महिने सोडलं नाही, कारण त्याच्या पाठीशी संघटना होती. आपल्या हलगीवाल्याकडे कसब आहे, संघटना नाही. या जयंतीला सुरुवात आपल्याच मंडळापासून करू. मानधन आधी ठरवून लेखी द्यायचं, कार्यक्रम संपताच पूर्ण चुकतं करायचं, आणि जमाखर्च फलकावर लावायचा.

जय भीम!