मोटारीचा मेंदू बदलण्यापूर्वीं

घरची मोटार बंद पडली म्हणजे पूर्वीं मिस्त्री बॉनेट उघडून कारब्युरेटर साफ करी, प्लग काढून घासून बसवी, आणि तासाभरांत गाडी चालती होई. आतां तो एक लहानसें यंत्र गाडीस जोडतो, त्याच्या पडद्यावरील दोन ओळी वाचतो आणि गंभीर मुद्रेनें सांगतो, "काका, गाडीचा कॉम्प्युटर गेला, नवा घालावा लागेल." या वस्तूचें शास्त्रीय नांव इंजिन कंट्रोल मॉड्यूल, गॅरेजांत त्यास ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. नवा घेण्याचा खर्च कित्येक हजारांच्या घरांत जातो. ज्या कुटुंबांत एकाच गाडीवर तीन पिढ्यांची सोय अवलंबून असते, तेथील कर्त्या माणसानें अशा वेळीं काय विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत, हा आजचा विषय आहे.

हा मेंदू करितो तरी काय? आपल्या दर्शनकारांनीं ज्ञानेंद्रियें, मन आणि कर्मेंद्रियें अशी जी व्यवस्था सांगितली आहे, तिच्या आधारें हें सहज समजेल. इंजिनाचें तापमान, आंत येणारी हवा, क्रँकशाफ्टची गति व स्थिति, धुरांत उरलेला प्राणवायु, यांची वर्दी सेन्सर देतात, हीं ज्ञानेंद्रियें. इंधन फवारणारे इंजेक्टर आणि ठिणगी देणारी इग्निशन कॉइल हीं कर्मेंद्रियें. मधलें मन म्हणजे हा ईसीएम. सेकंदाच्या किती सहस्रांश वेळ इंजेक्टर उघडा ठेवावयाचा, हें तो क्षणोक्षणीं ठरवितो. इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच पेटीकडे देणारी बॉश कंपनीची मोट्रॉनिक योजना १९७९ सालीं बी. एम. डब्ल्यू. गाडींत आली. आपल्याकडे सन २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले, तसा कारब्युरेटर मागें पडला. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकली व स्कूटरीही या मेंदूच्या राज्यांत आल्या.

दोष आढळला कीं हा मेंदू एक सांकेतिक अंक नोंदवून ठेवितो आणि समोरच्या फलकावरील चेक इंजिनचा दिवा लावितो. मिस्त्रीचा स्कॅनर तो अंक वाचतो. घोटाळा येथेंच सुरू होतो. उदाहरणार्थ, पी ०१७१ हा अंक दिसला तर त्याचा अर्थ इतकाच, कीं हवेच्या मानानें इंधन कमी पडत आहे असें मेंदूस आढळलें. फाटलेली हवेची नळी, तुंबलेला इंधनाचा फिल्टर, मळलेला हवेचा सेन्सर, यांपैकीं कोणतेंही कारण त्याच्या मुळाशीं असूं शकतें. अंक ही साक्षीदाराची जबानी आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

न्यायशास्त्राचा प्रारंभींचा पाठ ज्यांनीं घोकला असेल, त्यांस पर्वतावरील धुराचें उदाहरण आठवेल. धूर असेल तेथें अग्नि असतो, ही व्याप्ति खरी. परंतु अग्नि असेल तेथें धूर असतोच, असें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. त्याचप्रमाणें ईसीएम निकामी झाला तर गाडी बंद पडते हें खरें. पण गाडी बंद पडली, यास्तव ईसीएमच निकामी झाला, हें अनुमान सव्यभिचार होय. पी ०६०६ सारखा अंक मेंदू स्वतःविरुद्धच नोंदवितो, तेव्हां संशय बळावतो हें मान्य. तथापि अपुऱ्या विजेनें भांबावलेला मेंदूही कधीं कधीं तसाच अंक देतो. म्हणून पुढील तीन प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : ईसीएमला वीज आणि अर्थिंग पुरेशीं मिळतात, हें मोजून पाहिलें काय? इंजिन बंद असतां भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, इंजिन चालूं असतां बहुधा १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. फ्यूज व रिले पाहावे. अर्थिंगची तार नुसती जागेवर दिसली म्हणून भागत नाहीं. भार चालूं असतांना तिच्या दोन टोकांमधील व्होल्टचा फरक मोजावा, तो ०.१ च्या फार वर नसावा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यावर जसें हिरवें जंगाल चढतें, तसेंच तें पावसाळ्यानंतर वायरिंगच्या जोडांत चढतें. ज्यांच्या गाड्या २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या पुरांत बुडाल्या, त्यांस जोडांत शिरलेलें पाणी काय करितें हें सांगावयास नको. बॉनेटखालीं उबेस येणारे उंदीर तारा कुरतडतात तें वेगळेंच.

याच प्रश्नांत आणखी एक गोष्ट येते. बहुतेक सेन्सरांना ईसीएम स्वतः ५ व्होल्टचा नियमित पुरवठा करितो. एखादा सेन्सर आंतून शॉर्ट झाला कीं हा पुरवठा कोसळतो, त्याच वाटेवरील बाकीचे सेन्सरही मुके होतात, आणि मेंदूच मेला असें दिसूं लागतें. शहाणा मिस्त्री एकेका सेन्सरचा जोड सोडवून पाहतो. जो सोडवितांच ५ व्होल्ट परत येतात, तोच चोर. स्कॅनरशीं गाडी मुळींच बोलत नसेल, तर बॅटरी सोडवून तपासणीच्या सोळा पिनांच्या सॉकेटांत सहाव्या व चौदाव्या पिनांमधील रोध मोजावा. कॅन पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास भरतो. १२० भरला तर तार कोठें तरी तुटल्याचा संभव, शून्याजवळ भरला तर दोन तारा एकमेकींस चिकटल्याचा. या साऱ्या परीक्षेस एक साधा मल्टिमीटर आणि तास दोन तासांचा धीर पुरतो.

दुसरा प्रश्न : ईसीएम खरोखरच मेला असेल, तर तो कशानें मेला? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाईंना आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं न्यावें लागे, आणि तेवढ्यासाठीं गाडी नेहमीं सज्ज ठेवीत. ती बंद पडली. ईसीएम जळल्याचें निष्पन्न झालें, आणि तें खरेंही होतें. धाकट्या मुलाच्या फीसाठीं बाजूला ठेवलेले पैसे काढून नवा घातला. सहाव्या दिवशीं रुग्णालयाच्या वाटेवर गाडी पुन्हां थांबली. नवाही जळाला होता. आजीबाईंना भर उन्हांत रिक्षांत बसवून न्यावें लागलें. दुसऱ्या मिस्त्रीनें पाहिलें तेव्हां एक इग्निशन कॉइल शॉर्ट झालेली आढळली. तिच्यांतून प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला जाऊन ईसीएममधील तिला चालविणारा भाग जळत असे. कॉइल ईसीएमच्या मानानें अगदींच स्वस्त; पण तिची किंमत दोन ईसीएमएवढी पडली. मारेकरी घरांत तसाच ठेवून मेलेल्याच्या जागीं दुसरा बसविला, तर याहून वेगळें काय व्हावें? म्हणून नवा ईसीएम जोडण्यापूर्वीं कॉइल, इंजेक्टर व त्यांच्या तारा यांचा रोध मोजून घेतल्याचें मिस्त्रीकडून वदवून घ्यावें.

तिसरा प्रश्न : नवा ईसीएम या गाडीस ओळखणार कसा? दिवा बदलावा तसा ईसीएम बदलतां येत नाहीं. त्यांत त्या विशिष्ट इंजिनाची आज्ञावली भरावी लागते. पुष्कळ गाड्यांत सतरा अक्षरांचा चासिस क्रमांक नोंदवावा लागतो, आणि चोरीस प्रतिबंध करणाऱ्या इमोबिलायझरशीं व किल्ल्यांशीं त्याची ओळख करून द्यावी लागते. एरवीं इंजिन फिरेल, पण सुरू होणार नाहीं. यास्तव गाडी देतांना घरांतील सर्व किल्ल्या बरोबर द्याव्या. एक सूनबाईंच्या पर्समध्यें राहिली तर ती पुढें निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. भंगारांतून स्वस्तांत आणलेला ईसीएम याच कारणानें बहुधा फसवितो. जुना ईसीएम टाकून देऊं नये; कित्येकदां त्यांतील नोंदी वाचून नव्यांत उतरवितां येतात, आणि क्वचित् तोच दुरुस्तही होतो. आज्ञावली भरतांना बॅटरीस बाहेरून स्थिर पुरवठा जोडलेला असावा. मध्येंच वीज खचली तर नवी वस्तु हातांतच निकामी होऊं शकते. काम झाल्यावर आरंभीं इंजिनाची मंद चाल थोडी अनियमित वाटली तर घाबरूं नये. हवेच्या द्वाराची स्थिति मेंदूस नव्यानें शिकावी लागते.

हे प्रश्न मिस्त्रीची उलटतपासणी म्हणून विचारूं नयेत. खरें पाहतां, दोष एकट्या त्याचा नाहीं. दोन तास मल्टिमीटर घेऊन तो तारा तपासत बसला आणि शेवटीं एक जंगाललेला जोड घासून गाडी चालूं करून दिली, तर "केलेंस काय, आणि पैसे कसले?" असें आपणच त्यास म्हणतों. तोच नवी पेटी खोक्यांतून काढून बसवितो तेव्हां मुकाट्यानें हजारो रुपये देतों. वैद्यास नाडी पाहण्याचें कांहींच न देतां केवळ पुडीचे पैसे देणाऱ्या घरीं पुड्याच अधिक येणार. तेव्हां गाडी गॅरेजांत देतांनाच सांगावें, "तपासणीचे पैसे वेगळे देईन, सुटा भाग विकत घ्यावा लागो वा न लागो." आणि काम झाल्यावर तें वचन पाळावें.