मातीतला चुना तपासता, बाईच्या हाडातला कोण तपासणार?



सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांचे समाधीस्थान. तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्या संताजींचा धंदा तेलघाण्याचा. त्यांच्या गावातून आम्ही तिळाचाच हिशेब मांडतो. 100 ग्रॅम तिळात कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या वर, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, ज्वारीत तिसाच्या आत. बाईला दिवसाला लागते 1000. कपाशीने शेतातला तीळ हुसकला, दूध डेअरीत गेले. तिने हाडात भरायचे काय?

'वय झाले, कंबर दुखायचीच' म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे. 2019 साली शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. हे वयाने झाले काय? कोरडवाहू मालाला भाव नाही म्हणून हातात कोयता. पाळीत खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीवर सुरी. सोबत अंडाशयही गेले, तर तिशी-चाळिशीतच हाडे झिजू लागतात.

आम्ही माती तपासून खत टाकतो, हाड न तपासता बाईच्या डोक्यावर ओझे देतो. शिबिरात टाच यंत्रात घालून गोळ्यांचे पाकीट देणे पुरेसे नाही. कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी जिल्हा रुग्णालयात विनामूल्य झाली पाहिजे. पिशवी काढलेल्या आणि पाळी लवकर गेलेल्या बायांची आधी. ही भीक नव्हे, झिजलेल्या हाडांचे दाम आहे.

बैठकीत तसा ठराव करा. आणि घरी गेल्यावर दुधाचा पहिला पेला तिला द्या, कपाशीत चार ओळी तीळ पेरा.